पहिला भाग पुन्हा होणार नाही

आमच्या वाद्यवृंदात सत्तरेक माणसं वाजवतात. मी वाजवत नाही. मी खुर्च्या लावते.

माझ्या कार्डावर ‘कार्यक्रम व्यवस्थापक’ असं छापलेलं आहे, पण बोईसरजवळच्या आमच्या सरावलीत कुणाला ते दाखवलं की लगेच विचारतात, ‘म्हणजे नक्की काय करतेस?’ मग गाडी पुन्हा खुर्च्यांवर येते. सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा ताफा. त्यात गायक नसतो, निवेदक नसतो, बहुतेक वेळा माइकही नसतो. सगळा आवाज लाकूड, तार, पितळ, कातडं आणि माणसाची छाती यांतून यायचा असतो. त्यामुळे कोण कुठे आणि कशावर बसतो हा कामाचाच भाग होतो. हात असलेली खुर्ची दिली की व्हायोलिनवाल्याचं कोपर अडकतं. मागे कललेली दिली की चेलोवाला घसरतो. प्लास्टिकची दिली तर ती बरोबर हळुवार जागी करकरते. पंखा लावला तर स्वरलिपीचे कागद उडतात, बंद केला तर वाजवणारे भडकतात. म्हणून मी पंखा लावते आणि कागदांना कपड्यांचे चिमटे लावते. लाकडाचे. प्लास्टिकचे ऐन वेळी तुटतात, हे मी किंमत मोजून शिकले.

चिमट्यांखेरीज ट्रक, वीज, जनरेटरची घरघर, सभागृहाची दारं, चहा, शौचालयं आणि माणसांची वेळ हेही माझ्याकडेच. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

त्याआधी गिऱ्हाइकांबद्दल थोडं. आमचे कार्यक्रम बहुधा कुठली तरी कंपनी पुरस्कृत करते, आणि कंपनीतून एक साहेब सगळं ठरवायला येतो. एका साहेबांनी यादी वाचून विचारलं, ‘हे सेकंड व्हायोलिन म्हणजे राखीव खेळाडू ना? ते नाही आणले तर?’ मी त्यांना सांगितलं की आणू नका, पण मग तुमच्या भाषणातला एक सोडून एक शब्दही गाळा. दुसऱ्या एका साहेबांनी तालीम बघताना झांजवाल्याकडे बोट दाखवलं. तो मुकाट बसून होता. एका रचनेत त्याला दोनदाच झांजा वाजवायच्या असतात; उरलेला वेळ तो मात्रा मोजत बसतो, कारण मोजणी चुकली तर त्या दोन्ही चुकतात. साहेब म्हणाले, ‘याला अजून काही काम देता येईल का?’ मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘आमच्या बॉयलरवाल्यालापण हेच विचारलं होतं,’ ते म्हणाले. ‘बसलेला दिसला की यांना चैन पडत नाय.’

एकदा वाहतूकदारानं सातपाटीहून सुके बोंबील पोचवून आलेला ट्रक तसाच आमच्या दारात लावला. डबल बेस नावाचं माणसाहून उंच वाद्य त्यातून गेलं. पुढे कित्येक महिने त्याच्या पेट्या उघडल्या की दक्षिण मुंबईतल्या वातानुकूलित सभागृहात आमच्या किनाऱ्याचा वास सुटायचा. वाजवणारे तक्रार करत. मला भूक लागायची.

आता वेळेबद्दल.

बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत आणि युनियनचे कार्यकर्ते आहेत. मी वाचायला शिकले ती गेटवर वाटून उरलेल्या पत्रकांवर. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता येत होतं. पत्रकाची मागची बाजू कोरी असायची, तिथं मी गणितं करायची, आणि पुढच्या बाजूला मागण्या असायच्या. एक मागणी दर वर्षी असे: ओव्हरटाइमची सक्ती बंद करा.

वाद्यवृंदात आल्यावर मला दिसलं की वाजवणाऱ्यांना ठरलेली वेळ आहे. तालीम अमुक वाजता सुरू, अमुक वाजता संपली, मध्ये विश्रांती. वेळ संपली की व्हायोलिन पेटीत. पण त्यांच्या खुर्च्या आणि नगारे उचलणाऱ्या हमालांना वेळ नाही. पुरस्कर्त्यांना रंगमंचावर फोटो काढायचे असले, पाहुण्यांना नगाऱ्याजवळ उभं राहायचं असलं, की हमालांनी विंगेत थांबायचं. ‘पंधरा मिनिटांनी काय होतंय?’ हे वाक्य मी पहिल्या वर्षी इतक्यांदा ऐकलं की मी एक पत्रक लिहिलं. एकच पान. हमालांची वेळ वाजवणाऱ्यांच्या वेळेइतकीच ठरलेली असेल. कुणाला जास्त थांबवायचं असेल तर त्याला विचारायचं. एक जण जरी नाही म्हणाला तरी थांबवायचं नाही. आणि शेवटचं कलम, ज्यावर कार्यालयात सर्वांत जास्त वाद झाला: नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

‘कारण विचारण्यात काय वाईट आहे?’ असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, कारण विचारलं की ते पुरेसं आहे की नाही हे ठरवणारा कुणीतरी लागतो, आणि तो हमाल नसतो.

पत्रक मान्य झालं. जिथं कार्यक्रम असेल तिथल्या विंगेच्या दाराला मी ते चिकटवू लागले. हमालांचा मुकादम हरिलाल, आझमगढचा, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी हिंदीत वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘दीदी, ये चलेगा कितने दिन?’

बरेच दिवस चाललं. मग बोईसरचा कार्यक्रम आला.

वाद्यवृंदानं मुंबईबाहेर वाजवावं असं ठरलं तेव्हा बोईसरचं नाव मी सुचवलं. बाबांच्या कंपनीनंच पैसे दिले. अटी मी घातल्या: अर्धे पास कामगारांना, आणि पहिल्या दोन रांगा त्यांच्याच. कंपनीचे राणे साहेब, मनुष्यबळ विभागाचे, यांना दुसरी अट गिळायला जरा वेळ लागला. पास वाटण्याचं काम युनियनकडे, म्हणजे बाबांकडे गेलं. बाबा इतकी वर्षं मला या वाद्यवृंदात बघत होते, पण त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. रविवारी कार्यक्रम, तर रविवारी त्यांची पाळी. सुट्टी असली तर सभा. मोबाइलवर ऐकवलं तर म्हणायचे, ‘यात तुझी खुर्ची कुठली ते कळत नाय.’ या वेळी त्यांची पहिली पाळी होती. दुपारी तीनला सुटणार, आंघोळ करून सहाला सभागृहात. पुढच्या दोन रांगा चिठ्ठ्या टाकून पहिल्या पाळीला लागल्या होत्या; पहिल्या रांगेत मधली खुर्ची बाबांची. ती मी स्वतः लावली होती.

सभागृह वसाहतीतलंच. एरवी तिथं लग्नं, रक्तदान आणि शाळांची संमेलनं होतात. जनरेटर रंगमंचाच्या भिंतीला टेकून होता, तो मी मैदानाच्या टोकाला नेला. दुपारी वाजवणारे उतरले. वारा कारखान्यांच्या बाजूनं फिरला होता. ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या बाईंनी नाक मुरडून विचारलं, ‘हा वास कसला?’ मी म्हटलं, ‘हाच प्रश्न आम्ही बरीच वर्षं बऱ्याच जणांना विचारतोय.’

पाचनंतर माणसं यायला लागली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, मुलं केस चापून, पुरुष इस्त्रीच्या शर्टांत. नवापूरच्या जनामावशीही आल्या. त्या आमच्या चाळीत मासळी विकायला येतात, मला लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना पास दिला होता. त्यांनी पाटी घरी ठेवली होती पण आवाज घरी ठेवला नव्हता.

‘काय गो बाय, यवढ्या खुर्च्या तूच लावल्यास?’

‘हो मावशी.’

‘मग पगार बरा आसंल.’

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

‘बाय, जमत नाय असं दिसतं.’

‘का? तीनलाच सुटणार होता ना?’

‘रिलिव्हरच आला नाय.’

बाहेरच्यांसाठी सांगते. रसायनाच्या कारखान्यात काम चोवीस तास चालतं. मोठ्या बंद भांड्यात, त्याला रिअॅक्टर म्हणतात, माल शिजत असतो; त्या एका खेपेला बॅच म्हणतात. तिथून माणूस उठून जाऊ शकत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन जागेवर उभा राहिला की मगच आधीच्यानं निघायचं. तो येणारा म्हणजे रिलिव्हर. तो आला नाही तर आधीच्यानं थांबायचं. हा नियम कुणी मोडत नाही, कारण तो मोडला तर काय होतं हे वसाहतीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

‘कुणाचा रिलिव्हर आला नाही?’ मी विचारलं.

‘कुणाचाच. सेकंड शिफ्ट सगळी गाण्याला गेलीय.’

‘कुठल्या गाण्याला?’

‘तुझ्याच!’ आणि बाबा हसायला लागले. ‘पास मीच वाटले ना. तिन्ही पाळ्यांना सारखे. कमीजास्त केलं असतं तर पक्षपात झाला असता. सेकंडवाल्यांनी पास मिळाले म्हणून रजा टाकल्या. आता हित आमाला सोडवणार कोण?’

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. दुसरी पाळी बायकामुलांसकट बसली होती आणि छान दिसत होती.

‘साहेबांनी रजा मंजूर कशा केल्या?’

‘कंपनीचाच कार्यक्रम. नाय कशी म्हणणार? आता थर्डवाल्यांना घरून लवकर बोलावलंय. येतील तसे निघू.’

राणे साहेब विंगेत आले. ‘ताई, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. फोटोत वाईट दिसेल.’

‘फोटो मागून काढा.’

‘आमचे गेस्ट मागे बसलेत. त्यांना पुढे घेऊ का? तुमची मंडळी काही येत नाहीत आता.’

‘येतील. तुम्ही त्यांना सोडलंत की येतील.’

‘आम्ही कुठे धरलंय? रिलिव्हरच नाहीत.’

‘रजा कुणी मंजूर केल्या?’

राणे साहेब गेस्टकडे गेले. रांगा रिकाम्या राहिल्या. एव्हाना दुसऱ्या पाळीलाही कळलं होतं की त्या खुर्च्या कुणाच्या आहेत. एक तरुण ऑपरेटर अर्धा उठला. त्याच्या बायकोनं त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. तो बसला, पण नंतर बराच वेळ रंगमंचाऐवजी त्या रिकाम्या खुर्च्यांकडेच बघत होता.

आमचे कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून काठीच्या इशाऱ्यानं सगळ्यांना वाजवायला लावणारे डायस सर, मूळचे म्हापशाचे, साठी ओलांडलेले. त्यांनी मला विचारलं, ‘थांबायचं का?’ मी नाही म्हटलं. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर उशिरा संपणार, आणि उशिरा संपला तर विंगेच्या दारावरचं माझं पान काढून ठेवावं लागणार. आमचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला.

आधी एक लहान रचना होती. अशी रचना आम्ही उशिरा येणाऱ्यांसाठीच ठेवतो, हे प्रेक्षकांना सांगत नाही. ती संपली, काही जण आत आले. त्यात बाबा नव्हते. मग मुख्य रचना सुरू झाली. ती चार भागांची. एक भाग सुरू झाला की तो संपेपर्यंत दार उघडायचं नाही. दोन भागांच्या मधे जरा थांबतात, तेव्हाच माणसं आत घ्यायची. फिरतीवर दारही माझ्याकडेच असतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

पहिला भाग निम्मा झाला असेल, कंपनीची बस आली. दहा-बारा जण उतरले. अंगावर कंपनीचेच कपडे, कपाळावर हेल्मेटचा वळ, हातात डब्याची पिशवी. सकाळी सातला कामावर चढलेली माणसं. बाबा सगळ्यांत मागे होते.

‘बेटी, खोल दो,’ तिवारीकाका म्हणाले. ते बाबांचे पाळीतले जोडीदार. ‘पीछे खड़े रहेंगे. आवाज नहीं करेंगे.’

‘हा भाग संपू दे काका. मग लगेच.’

‘अरे, अपनी लड़की है, यार.’ ते बाबांकडे वळले. ‘बोलो ना इसको.’

बाबा पुढे आले. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘तिवारी, रिअॅक्टर चालू असताना झाकण उघडतोस काय?’

तिवारीकाकांनी क्षणभर विचार केला. ‘अच्छा. बैच चालू है.’

‘हां. बॅच चालू हाय.’

ते सगळे भिंतीला लागून रांगेत उभे राहिले, हजेरीच्या पंचिंगला उभे राहतात तसे. दार जाड होतं. जाड दारातून बारीक आवाज येत नाहीत. फक्त खालचे येतात, डबल बेसचे आणि नगाऱ्यांचे. बाबा कान देऊन ऐकत होते.

‘नुसता ढोलच वाजतोय,’ ते म्हणाले.

‘बाकीचं आत आहे, बाबा.’

‘आसंल.’

पहिला भाग संपला. मी दार उघडलं आणि ते आत गेले. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात असा या संगीतात संकेत आहे. तो कुणाच्या सोयीचा हे मला अजून कळलेलं नाही. बोईसरला तो कुणाला माहीतच नव्हता, त्यामुळे टाळ्या चालूच होत्या. पहिली पाळी मधल्या वाटेनं पुढे येताना दिसली तेव्हा दुसऱ्या पाळीनं टाळ्यांचा जोर वाढवला. त्यात थोडी शरमही होती. मी घाईनं बाहेरून फिरून विंगेत आले. बाबा मधल्या खुर्चीवर बसत होते. डायस सरांनी काठी खाली ठेवून सगळे बसेपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी काठी उचलली.

आणि जनामावशी उभ्या राहिल्या.

‘ओ मास्तर! ह्यांनी पयला भाग आयकलाच नाय! परत घ्या!’

सभागृह हसलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘वन्स मोअर!’ आणि ते पसरलं. दुसरी पाळी सर्वांत जोरात ओरडत होती. तिला काहीतरी फेडायचं होतं. डायस सरांचं बालपण तियात्र, म्हणजे गोव्याची कोकणी नाटकं, बघण्यात गेलेलं. वन्स मोअर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. पण पाश्चात्त्य संगीतातल्या मोठ्या रचनेचा पहिला भाग मधेच परत कुणी घेत नाही. ते हसले. त्यांनी पहिल्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवाल्या बाईंकडे पाहिलं. मग विंगेकडे, माझ्याकडे.

तो भाग परत घ्यायचा तर आणखी पाव तास. म्हणजे वाजवणाऱ्यांची वेळ ओलांडणार, हमालांचीही. माझ्याच पानाप्रमाणे मला सगळ्यांना विचारावं लागणार होतं. वाजवणाऱ्यांचा कौल लगेच कळला: पुढच्या रांगेत एक गज वर गेला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळे गज वर. पितळी वाद्यवाल्यांनी वाद्यं वर केली. झांजवाल्यानं एक झांज उचलली. तेवढंच जास्तीचं काम मिळणार म्हणून तो खूश होता.

मी मागे वळले. हरिलाल त्याच्या माणसांसोबत विंगेत उभा होता. त्याला सगळं समजलं होतं.

‘हरिलाल?’

त्यानं आधी आपल्या माणसांकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं. ‘नहीं हो पाएगा, दीदी.’

राणे साहेब तोवर विंगेत पोचले होते. ‘काय झालं? सुरू करा ना! लोक मागतायत. इतकं छान वातावरण झालंय.’

‘होणार नाही.’

‘कोण नाही म्हणतंय? हा? अहो, त्याला विचारा काय प्रॉब्लेम आहे. मी बघतो त्याचं.’

‘विचारायचं नसतं.’

‘काय विचारायचं नसतं?’

‘कारण.’

राणे साहेबांनी माझ्याकडे, मग हरिलालकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ‘ताई, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे.’

ते वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी कदाचित आणखी क्षणभर तिथं उभी राहिले असते. समोर माझे वडील बसले होते, सकाळी सातपासून उभे राहून आलेले. त्यांचं जे ऐकायचं राहिलं होतं ते त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर, सत्तर माणसांच्या हातांत तयार होतं. सगळ्यांची तयारी होती. एकट्याची नव्हती. हरिलाल एकदाच बोलला होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. त्याला बघायचं होतं की हे किती दिवस चालतं.

रंगमंचावर उजेड असताना मी कधी पाऊल टाकत नाही. त्या दिवशी टाकलं.

‘माफ करा,’ मी म्हटलं. ‘पहिला भाग पुन्हा होणार नाही. आमच्यातल्या काहींची वेळ ठरलेली आहे.’

‘कोनाची?’ जनामावशींनी विचारलं.

‘ज्यांची आहे त्यांची, मावशी.’

‘काय गो! तुझा बाप हाय तो समोर!’

सभागृह पुन्हा हसलं. बाबाच मागे वळले.

‘जनाबाय, बस खाली. पुढची बॅच लागली.’

त्या बसल्या. मी आत आले. दुसरा भाग सुरू झाला.

उरलेले तीन भाग चांगले झाले. तिवारीकाका तिसऱ्यात झोपले. बारा तास उभं राहिलेल्या माणसाची ती झोप मी कुणाला उठवू दिली नाही. कार्यक्रम वेळेवर संपला. हरिलालच्या माणसांनी नगारे गुंडाळले, खुर्च्या रचल्या, ट्रक भरला. नेहमीपेक्षा लवकर भरला. मी चिमटे गोळा करत होते. बाबा विंगेच्या दारापाशी आले. पान वाचलं. दारावरचं पान वाचल्याशिवाय ते कुठल्याच दारातून जात नाहीत. मग हरिलालकडे गेले आणि चहाचा कप पुढे केला.

हरिलालनं तो घेतला. ‘चाचा, आपको बुरा लगा होगा.’

‘बुरा तो लगा,’ बाबा म्हणाले. ‘पर तुमने ना बोला, अच्छा किया. हमारे इधर छुट्टियों को किसी ने ना बोला नहीं. इसीलिए हम अटके.’

हरिलालचं कारण मला आजपर्यंत माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काही वाजवणाऱ्यांनी नंतर मला सुनावलं की तो अडला कारण अडायची सोय होती. असेलही. ती सोय मीच केली होती. कार्यालयात ते शेवटचं कलम काढावं अशी चर्चा झाली. कलम राहिलं. पण पुढे कित्येक तालमींना, पहिला भाग सुरू झाला की मला तो दाराच्या बाहेरून ऐकू यायचा: नुसता ढोल. आणि ते मला आवडायचं नाही.

तालमीत बसल्या बसल्याच मला सुचलं. ते आधी सुचायला हवं होतं इतकं साधं आहे. कार्यक्रमात काही परत घेत नाहीत. तालमीत सगळं परतच घेतात.

पुढचा दौरा पालघरला ठरला. मी वाजवणाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला: तालीम लोकांसाठी, आधी बाबांच्या कारखान्यातल्यांसाठी, उघडी ठेवायची. वाजवणाऱ्यांना तालमीत बघितलेलं आवडत नाही. तिथं ते चुकतात, जांभया देतात, डायस सर ओरडतात. एका बाईंनी म्हटलं, ‘म्हणजे आम्हाला स्वयंपाकघरात बघायला येणार?’ मी म्हटलं, ‘हो. जे येणार आहेत ते दिवसभर तिथंच काम करतात.’ मतं घेतली. हमालांची पण. कुणी नाही म्हटलं नाही. तालमी दोन होत्या, सकाळची आणि दुपारची. सकाळची दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीसाठी, दुपारची पहिलीसाठी, म्हणजे रजेची गरज कुणालाच नाही. हे वेळापत्रक बाबांनी बसवलं. पास पुन्हा सगळ्यांना सारखे.

दुपारी पहिली पाळी आली, घरी जाऊन, आंघोळ करून. जनामावशी बाजार आटोपून आल्या. रचना तीच होती. डायस सरांनी सुरुवात केली आणि चार मात्रांवर थांबवलं. ‘पुन्हा.’ पुन्हा थांबवलं. ‘हॉर्न उशिरा येतायत. पुन्हा.’ पुन्हा. जनामावशी आधी सावरून बसल्या होत्या, मग कंटाळल्या, मग चिडल्या.

‘मागच्या वारी येकदा मागितला तं दिला नाय,’ त्या बाबांना म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. ‘आता मागितल्याशिवाय देतात!’

पितळी हॉर्न वाजवणारा इतका हसला की त्याला फुंकता येईना. विश्रांती जाहीर झाली.

विश्रांती संपता संपता बाबांचा फोन वाजला. सभागृहात फोन बंद लागतात हा माझाच नियम. त्या एका फोनला मी काही बोलले नाही, कारण बाबांचा चेहरा बघूनच कळलं की कंपनीतून आहे. दुसऱ्या पाळीत कुणीतरी आलं नव्हतं. जागेवर तिसराच कुणी थांबलेला होता, त्याला सोडवायला माणूस हवा होता. बाबांची पाळी संपलेली, रिलिव्हरला जागा देऊन ते सुटलेले. या वेळी जाणं-न जाणं त्यांच्या हातात होतं.

‘नाय जमणार, साहेब,’ बाबा म्हणाले. मग पलीकडचं ऐकत राहिले. तिवारीकाका त्यांच्याकडे बघत होते. विंगेतून हरिलालही बघत होता.

‘कारण नाय सांगणार,’ बाबा म्हणाले, आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

डायस सर जागेवर आले. ‘आता सलग घेऊ,’ ते म्हणाले. ‘अगदी पहिल्यापासून. मधे थांबणार नाही.’

त्यांनी काठी उचलली. मी बाहेर जाऊन दार लावून घेतलं. या वेळी बाबा आतल्या बाजूला होते.